मोंते कासिनो: सगळं नवंच बांधलंय, मग जायचं कशाला?

प्रश्न: मे महिन्यात आम्ही चौघं इटलीला जातोय. सासरे पंचाहत्तरीचे, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. रोममधला एक दिवस मोंते कासिनोच्या डोंगरावरच्या मठासाठी ठेवा म्हणतात. नवरा म्हणतो युद्धात तो जमीनदोस्त झालेला, आता दिसतं ते सगळं नवीन, कशाला दिवस घालवायचा? काय करू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ताई, मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या दोनशेहून जास्त विमानांनी मठ पार भुईसपाट केला, जर्मन आत लपलेत या संशयावरून, आणि आत जर्मन नव्हतेच, आसऱ्याला आलेली आसपासची माणसं होती, ती मेली. जर्मन आले नंतर, त्यांना तो ढिगारा म्हणजे आयती तटबंदीच मिळाली, शेवटी १८ मे ला पोलिश सैनिक वर पोचले. पुढे जिथे होता तिथेच, होता तसाच बांधायचा असं ठरलं आणि १९६४ मध्ये पोप पॉल सहावे येऊन चर्चचं अभिमंत्रण करून गेले.

पण मिस्टरांना सांगा, ही काही पहिली वेळ नव्हती. संत बेनेडिक्टने ५२९ च्या सुमारास मठ काढला, तो आधी लोंबार्ड टोळ्यांनी पाडला, ८८३ मध्ये अरब हल्लेखोरांनी जाळला, १३४९ ला भूकंपात गेला. मग यातला 'जुना' नक्की कुठला म्हणायचा?

मला स्वतःला वरचं चर्च जरा जास्तच चकचकीत वाटलं, खोटं कशाला बोलू. मठाच्या आतल्या चौकात मात्र थांबा. जिन्याच्या दोन बाजूंना बेनेडिक्ट आणि त्याची जुळी बहीण स्कोलास्टिका यांचे पुतळे आहेत, भावाचा पुतळा बॉम्बमध्येही उभा राहिला, बहिणीचा फुटला म्हणून तिचा नवा करून लावलाय. हे माहीत असलं की बघण्यात फरक पडतो. दोघांची कबर चर्चच्या वेदीखाली आहे, तीही वाचली.

आता सासऱ्यांचं. रोमच्या मुख्य स्टेशनहून, रोमा टर्मिनीहून, डोंगराच्या पायथ्याच्या कासिनो गावापर्यंत ट्रेन, दीड-दोन तास. पुढे आठ-नऊ किलोमीटरचा वळणावळणाचा घाट, बस मोजक्याच, मी एक चुकवून स्टेशनबाहेर कॉफीवर कॉफी पीत बसले होते, त्यामुळे तुम्ही सरळ टॅक्सी करा आणि परतीचंही आधीच बोलून ठेवा. चौकातून चर्चकडे जाणारा जिना चांगला मोठा आहे, त्यांना सावकाश चढू दे. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, मठ आहे तो.

आणि उतरल्यावर लगेच ट्रेन पकडू नका. खाली गावाबाहेर राष्ट्रकुलच्या सैनिकांची दफनभूमी आहे, चार हजारांवर कबरी, आणि ज्यांना कबरच नाही त्यांची नावं हिरव्या संगमरवरावर कोरलेली. नावं रेजिमेंटवार आहेत, मराठा लाइट इन्फंट्री शोधा, तिथे नाईक यशवंत घाडगे सापडतील, आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. ते पडले कासिनोत नाही, आणखी वर उत्तरेला तायबरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ ला, बरोबरचे सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना तिथल्या ट्रॅफिकमध्ये आपण तासतासभर अडकतो आणि तो बघायला उतरत नाही, मीही नव्हते उतरले, कासिनोला नाव वाचून आल्यावर उतरले.