सेव्हियात तीन दिवस: केव्हा जावं, काय खावं, काय सोडावं

दक्षिण स्पेनमधल्या आन्दालुसियाची राजधानी सेव्हिया (इंग्रजी नकाशांवर सेव्हिल) इथे जाणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. बहुतेकांच्या हाताशी तीन दिवस आहेत आणि यादी मात्र दहा दिवसांची आहे. ठिकाणांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, घोळ होतो तो वेळेचा. म्हणून उत्तरांमध्ये "कधी" या शब्दावर माझा भर जास्त आहे.

मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी, एवढेच पर्याय आहेत. कोणता निवडावा? (ठाणे)

दिवाळी. मेचा पहिला पंधरवडा सुरेख असतो, पण पुढे पारा झपाट्याने चढतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ४० अंश ओलांडणं तिथे नेहमीचं आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस दिवसा हिंडायला छान हवा असते, वसंतातल्यापेक्षा गर्दीही कमी. एखादी पावसाची सर येऊ शकते, तेव्हा छत्री ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर सूर्य साडेसहाच्या सुमारासच मावळतो. बागा आणि चौक त्याआधी उरकायचे, हे लक्षात असू द्या.

वसंतातच जायचं झालं तर ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी भरणारी फेरिया ही जत्रा, या दोन्हींच्या तारखा आधी बघा. पवित्र आठवड्यात खांद्यावरून निघणाऱ्या मूर्तींच्या मिरवणुका हा विलक्षण अनुभव आहे, पण तो घ्यायचा तर त्यासाठीच जा. रस्ते तासन्‌तास बंद असतात, हॉटेलांचे भाव चढलेले असतात, इतर स्थळदर्शन जमत नाही. फेरियातले बहुतेक मांडव खाजगी असतात आणि ओळखीशिवाय आत प्रवेश नसतो, सार्वजनिक मांडव थोडेच.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. भेटीची वेळ लवकर घ्या आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरो संरक्षणाचा हवा, हे एजंटाकडून लेखी तपासून घ्या.

तिथे रात्री नऊच्या आधी जेवण मिळत नाही म्हणतात. सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत, त्यांना साडेसातला जेवायची सवय. कसं जमवायचं? (पुणे)

आधी कारण समजून घ्या, म्हणजे सोपं जाईल. स्पेन भौगोलिकदृष्ट्या ब्रिटनच्या रेषेत आहे, पण १९४० पासून तिथली घड्याळं मध्य युरोपच्या वेळेवर चालतात. त्यात सेव्हिया देशाच्या पश्चिमेला. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तोच दुपारी सव्वादोननंतर आणि जूनमध्ये मावळतो पावणेदहाच्या सुमारास. अडीचला जेवणारा सेव्हियाकर सूर्याच्या हिशेबाने बारा-साडेबारालाच जेवत असतो. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची हीच तर वेळ!

म्हणून आई-बाबांना सांगा की मुख्य जेवण दुपारचं. दिवस असा लावा. नऊ-साडेनऊला न्याहारी: भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ आणि सोबत दुधाची कॉफी. मग दीडपर्यंत एकच मोठं ठिकाण. पावणेदोनला, गर्दी उसळायच्या आत, टेबल धरा आणि पोटभर जेवा. चारला बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, ती आठ-साडेआठलाच उघडतात. या वेळेत खोलीवर जाऊन झोपा. सहाला पुन्हा बाहेर पडा, फिरा आणि आठला बार उघडले की एखाद-दुसरी हलकी ताटली घेऊन दिवस संपवा.

यातून हॉटेलचा निर्णय आपोआप होतो. दुपारी परतायचं म्हणजे खोली जुन्या शहरातच हवी. लांबचं स्वस्त हॉटेल घेतलं की दुपारी परतणं होत नाही, माणसं उन्हात भटकत राहतात आणि संध्याकाळी, शहर खरं जागं होतं तेव्हा, दमून गेलेली असतात. खर्चात कुठे हात सैल सोडायचा असेल तर इथे सोडा.

अल्काझार आणि कॅथेड्रल एकाच दिवसात होईल का? तिकिटं तिथे जाऊन काढली तर चालेल? (नाशिक)

होईल, पण करू नका. दोन्ही शेजारीशेजारी आहेत म्हणून सगळे एका सकाळीच उरकतात आणि दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत डोळे थकतात.

अल्काझार या राजवाड्याचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं. ते अधिकृत संकेतस्थळावरून घरूनच काढा, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं घाला आणि दारात पासपोर्ट जवळ ठेवा. सकाळी साडेनऊची पहिली वेळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. आत शिरल्यावर थेट राजा पेद्रोच्या महालाकडे चला. १३६४ साली हा ख्रिस्ती राजा महाल बांधायला घेतो तेव्हा तोलेदो आणि मुस्लिम ग्रानादाचे कारागीर बोलावतो आणि भिंतींवर अरबी लिपीत स्वतःला "सुलतान" म्हणवून घेतो. गच्चीवरून घाईत फोटो काढण्यापेक्षा त्या महालाच्या अंगणात शांत बसा, गिलाव्यातलं कोरीवकाम आणि खालचा टाइल्सचा पट्टा नीट बघा. मग बागा. वरच्या मजल्यावरची राजघराण्याची दालनं वेगळ्या तिकिटावर असतात. तीन दिवसांच्या सहलीत ती सोडली तरी चालतील.

कॅथेड्रल दुसऱ्या दिवशी. जुन्या मशिदीच्या जागी १४०१ मध्ये ठरवून उभारलेलं हे जगातल्या सर्वांत मोठ्या गॉथिक चर्चपैकी एक आहे. कोलंबसाचे अवशेष १८९९ साली हवानाहून इथे आणले गेले. चार राजांच्या पुतळ्यांनी खांद्यावर पेललेली त्याची शवपेटी आतच आहे. शेजारचा हिराल्दा मनोरा मूळ मशिदीचा मिनार. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चांगली बातमी: वर जायला जिना नाही, चढण आहे. अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून ती तशी बांधली, असं सांगतात. शेवटच्या टप्प्यात थोड्याच पायऱ्या लागतात. सावकाश, थांबत चढलं तर सत्तरीतलेही पुष्कळ जण जातात. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने पर्यटकांना दुपारनंतरच प्रवेश असतो.

कॅथेड्रलच्या आसपास काही बायका रोझमेरीची डहाळी हातात कोंबून भविष्य सांगू लागतात आणि मग पैसे मागतात. डहाळी घेऊच नका, "नो, ग्रासियास" म्हणून पुढे चला.

तापास म्हणजे नक्की किती? मागवायचे कसे? ग्रानादात पेयासोबत फुकट मिळतात असं वाचलं. (लंडन)

ग्रानादात मिळतात, सेव्हियात विकत घ्यावे लागतात. तापा ही लहान ताटली, मेदिया रासियोन म्हणजे अर्धी आणि रासियोन म्हणजे पूर्ण, तीन-चार जणांत वाटून खायची. साध्या बारमध्ये एक तापा साधारण ३ ते ५ युरोला पडतो. माणशी तीन घेतले की जेवण होतं. काही ठिकाणी तापा फक्त काउंटरपाशी उभ्याने मिळतो, टेबलावर मोठ्या ताटल्याच देतात. बसण्याआधी विचारा.

सगळं एकदम मागवू नका. दोन पदार्थ, एक पेय, मग पुढचं. शक्य झालं तर एका बारमध्ये दोन पदार्थ खाऊन पुढच्या बारमध्ये जा, कारण प्रत्येकाचा हातखंडा पदार्थ वेगळा असतो. एल रिंकोन्सियो हा बार १६७० पासूनचा आहे. तिथले वाढपी तुमचा हिशेब लाकडी काउंटरवर खडूने लिहितात. गर्दी असते, तरी जा. मांसाहारींनी डुकराच्या गालाचं मंद शिजवलेलं मांस, व्हिनेगर-जिऱ्यात मुरवून तळलेला मुशी जातीचा मासा आणि प्रिंगा नावाचं छोटं सँडविच चुकवू नये. सोबत मान्सानिया ही थंडगार, कोरडी वाइन मागवा. सांग्रिया पर्यटकच जास्त पितात.

पाव आणि ऑलिव्हचे एक-दीड युरो बिलात दिसले तर वाद घालू नका, ती तिथली रीत आहे. नळाचं पाणी चांगलं आहे आणि २०२२ च्या कायद्याने ते मागितल्यावर फुकट द्यावं लागतं. "आग्वा देल ग्रिफो" म्हणा. लंडनच्या तुलनेत टीपचा प्रश्न अगदी सोपा: वरची चिल्लर ठेवली की पुरे. शनिवार-रविवारची धावती सहल असेल तर आधी चौकशी करा, कारण रविवारी रात्री आणि सोमवारी बरेच चांगले बार बंद असतात.

आई कट्टर शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. घरून थेपले नेण्यावाचून पर्याय नाही का? (कोल्हापूर)

थेपले न्या, विमानात कामी येतील. सेव्हियात मात्र आईंना स्थानिक जेवणच चांगलं मिळू शकतं, थोडी दक्षता घेतली तर. माझं ठाम मत आहे की शाकाहारी माणसाने या शहरात भारतीय हॉटेल शोधत वेळ घालवू नये.

पहिला पदार्थ: एस्पिनाकास कोन गार्बान्सोस. पालक आणि काबुली चणे, लसूण, जिरं, लाल तिखट, तळलेल्या पावाचं वाटण. आईंना पहिल्या घासाला ओळख पटेल. दुसरा, गास्पाचो: कच्च्या टोमॅटो-काकडीचं गार सार. तिसरा, साल्मोरेखो: त्याहून दाट, टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह तेलाचं. यावर अंडं आणि हॅमचे तुकडे पेरतात, तेव्हा "सिन हामोन, सिन उएवो" हे मागवतानाच सांगायचं. चौथा, वांग्याच्या तळलेल्या कापांवर ऊसाची काकवी. मालागाजवळ ती आजही ऊसापासून बनते.

आता धोके. नुसतं "मी शाकाहारी" म्हटलं तर पुष्कळदा हॅम किंवा ट्यूना समोर येतं, कारण तिथे ते मांसात धरतीलच असं नाही. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो" अशी चारही नावं घ्या, कागदावर लिहून दाखवलंत तर उत्तम. तळणीचं तेल मासे आणि वांगी दोन्हींना एकच असू शकतं, आईंना ते चालणार नसेल तर वांगी सोडा. एनसालादिया ही बटाट्याची कोशिंबीर निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात मेयोनेज आणि बहुधा ट्यूना असतो. स्पॅनिश तोर्तिया म्हणजे अंड्याचाच पदार्थ. मशरूम परतताना बऱ्याचदा हॅम घालतात. मान्तेकादो आणि पोल्व्होरोन या मिठायांमध्ये डुकराची चरबी असते. त्याऐवजी तोर्ता दे आसेइते घ्या: ऑलिव्ह तेल, बडीशेपेसारखा स्वाद आणि साखरेची पातळ खुसखुशीत पोळी, याच भागातली. चीजबद्दल सांगायचं तर तिथलं पारंपरिक चीज बहुतेक वेळा प्राण्यांच्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या जठरातल्या पदार्थाने) बनवलेलं असतं. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र बाहेर जमणं कठीण, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि नदीपलीकडच्या त्रियाना भागातल्या मंडईतून भाजी आणा.

रस्त्याकडेची संत्री तोडून खाता येतात का? (सातारा)

नाही. ती कडू संत्री आहेत, मुरंब्याची. एप्रिलच्या आसपास त्यांच्या फुलांचा वास मात्र साऱ्या शहरात भरलेला असतो.

आम्ही पणजीत अझुलेजू टाइल्स बघत मोठे झालो. सेव्हियात त्यासाठी कुठे जावं? (मडगाव)

तुमची वाट नदीपलीकडच्या त्रियानात जाते. १५०० च्या सुमारास निकुलोसो पिसानो हा इटालियन कारागीर इथे आला आणि टाइलवर चित्रासारखं रंगवण्याची पद्धत त्याने इथे रुजवली. पोर्तुगालचा राजा मान्युएल पहिला याने सिंत्राच्या महालासाठी सेव्हियाच्याच टाइल्स मागवल्या होत्या. पोर्तुगीजांची स्वतःची परंपरा, जी पुढे गोव्यात पोहोचली, ती या आयातीनंतर बहरली. म्हणजे तुमच्या ओळखीच्या टाइल्सचं एक मूळ इथे आहे.

त्रियानाचं सिरॅमिक केंद्र जुन्या कारखान्यातच आहे, तिथल्या भट्ट्या बघा. मंडई त्याच्या जवळच आहे. त्यानंतर संध्याकाळी प्लासा दे एस्पान्या: आनिबाल गोन्सालेसने १९२९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला अर्धवर्तुळाकार चौक, स्पेनच्या एकेका प्रांताचं टाइल्समधलं बाक मांडलेला. ऊन कलल्यावर रंग खुलतात. अल्काझारमधलं टाइलकाम आणि हे, दोन्ही एकाच सहलीत बघणं हीच तुमच्यासाठी मुख्य गोष्ट धरा, बाकीचं मागे राहिलं तरी हरकत नाही.

तीन दिवसांत कॉर्दोबा आणि ग्रानादाही बसवता येईल? (नागपूर)

कॉर्दोबा येईल, ग्रानादा सोडा. कॉर्दोबा वेगवान गाडीने पाऊण तासावर आहे, सकाळी निघून मेस्किता ही आठशेहून अधिक खांबांची जुनी मशीद बघायची, तिच्या पोटात सोळाव्या शतकात उभं राहिलेलं चर्च बघायचं, साल्मोरेखो खाऊन संध्याकाळी परत. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा या किल्ल्यातल्या महालांनाच अख्खा दिवस लागतो, जाण्यायेण्यात आणखी काही तास जातात. माद्रिदहून येत असाल तर सेव्हिया अडीच तासांवर आहे. कॉर्दोबा त्याच मार्गावर असल्याने येतानाच तिथे उतरलात तर अर्धा दिवस वाचतो.

फ्लामेंको कुठे बघावं? जेवणासह पॅकेज घ्यावं का? (पुणे)

जेवण वेगळं ठेवा. ताटलीकडे लक्ष असताना फ्लामेंको बघता येत नाही. जुन्या शहरात छोट्या सभागृहांत तासाभराचे कार्यक्रम होतात, कासा दे ला मेमोरिया आणि फ्लामेंको नृत्य संग्रहालय इथले चांगले असतात. आसनं मोजकीच असतात, म्हणून आधी नोंदवा आणि पुढच्या रांगेत बसा. पायांचा आघात तिथेच कळतो.

संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना: सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचं आवर्तन असतं आणि जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर येतो. एकतालाचा कान असेल तर मात्रा मोजत बसा, गायक आणि नर्तकी समेवर एकत्र येतात तेव्हा अंगावर काटा येतो. ही कला घडवण्यात मोठा वाटा असलेल्या खितानो (स्पेनमधल्या रोमा) समाजाचे पूर्वज हजार ते दीड हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले, असं भाषा आणि जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. प्रेक्षकांनी मध्येच ठेका धरून टाळ्या वाजवू नयेत. तिथे टाळ्या हेही वाद्य आहे आणि ते मंचावरचे कलावंत वाजवतात. पहिला खेळ बहुधा संध्याकाळचा असतो, आई-बाबांसाठी तोच घ्या, म्हणजे बाहेर पडल्यावर आठचे बार उघडलेले सापडतील.