‘सौ.ची काही अडचण नाही’

पुण्याच्या एका वाचकांचे दोन पानी पत्र समोर आहे. वय 44, यंत्रनिर्मितीच्या कंपनीत उपाध्यक्ष. त्याच उद्योगसमूहाच्या, जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या उपकंपनीचा ‘गेशेफ्ट्सफ्युरर’, म्हणजे कंपनीचा सारा कारभार ज्याच्या सहीने चालतो असा व्यवस्थापकीय संचालक, म्हणून त्यांना बोलावणे आले आहे. पत्रात सहा प्रश्न आहेत : नऊ वर्षांच्या मुलीची शाळा, 72 वर्षांच्या आई, बाणेरचा फ्लॅट, इथली खाती व कर, मुलीचे मराठी आणि शाकाहारी स्वयंपाक. प्रत्येक प्रश्नाला सात-आठ ओळी दिल्या आहेत. शेवटाकडे मात्र ही एकच ओळ येते : ‘सौ. दंतवैद्य आहे, कोथरूडला स्वतःचे क्लिनिक आहे, पण तिची काही अडचण नाही, ती तयार आहे.’

बाईंना हवी ती ओळ सापडली, असे म्हणून नेहमीचे वाचक हसले असतील. खुशाल हसावे.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. या वयात असे बोलावणे पुन्हा येईलच असे नाही, आणि आईंच्या काळजीने तुमची झोप उडाली आहे हे तुमच्या अक्षरातही दिसते. जाऊ नका असे मी मुळीच म्हणणार नाही. पण तयार तर मीही होते. कोल्हापूरला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते, यांची नेमणूक झाली आणि राजीनामा देऊन निघाले. तेव्हा घरात कोणी विचारले असते, तर माझीही काही अडचण नव्हती. अडचण सुरू झाली ती सामान लावून झाल्यावर. श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागात जिन्याच्या झाडलोटीची पाळी असते. ज्या घराची पाळी, त्या घराच्या दारावर ‘केहरवोखं’ अशी पाटी अडकवतात. हे सतत दौऱ्यावर, त्यामुळे पाटी दारावर आली की ती माझ्यासाठीच आली हे ठरलेले. आदल्या वर्षी वर्गाला आवर्त सारणी शिकवणारी मी कठड्याखालची धूळ कशी टिपावी याचे धडे शेजारच्या आजीबाईंकडून घेत होते, आणि तेही निम्मे समजत नव्हते. यांच्या व्हिजिटिंग कार्डावर त्या काळात दोनदा नवे पदनाम आले.

तुमच्या पदाची एक बाजू तुम्ही लक्षात घेतलेली दिसत नाही. जर्मनीत साध्या कामगाराला नोकरीवरून काढणे मालकाला किती जड जाते याच्या कथा तुम्ही ऐकल्या असतील, पण ते संरक्षण देणारा कायदा गेशेफ्ट्सफ्युररला सहसा लागू होत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो मालकाच्या बाजूचा माणूस असतो. भागधारकांनी ठराव केला की त्याला पदावरून केव्हाही दूर करता येते. पुढचा हिशोब मग करारात जे लिहिले असेल त्याप्रमाणे होतो. म्हणजे तुमच्या हाताखालचा फोरमन तुमच्यापेक्षा सुरक्षित. अशा एका पगारावर चार माणसांचे घर परदेशात उभे करायचे आणि घरातला दुसरा चालता व्यवसाय ‘काही अडचण नाही’ म्हणून मिटवायचा, हा हिशोब तुम्ही कारखान्यात कोणाला करू दिला नसता.

त्यातल्या त्यात तुमचे नशीब चांगले आहे. तुम्हाला बहुधा ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, मिळेल, आणि ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत पहिल्या दिवसापासून कोणतेही काम करण्याची मुभा असते. व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. सगळीकडे असे नाही. सिंगापूरमध्ये 1 मे 2021 पासून डिपेंडंट पासवरच्या जोडीदाराला नोकरीसाठी स्वतःचा वेगळा परवाना लागतो. जपानमध्ये आठवड्याला 28 तासांची मर्यादा आहे. माझी वहिनी अमेरिकेत एच-4 व्हिसावर वर्षानुवर्षे घरी बसली होती. 2015 मध्ये काही एच-4 धारकांना कामाची परवानगी मिळू लागली, तोवर तिची उमेद ओसरली होती.

मात्र ही मुभा म्हणजे दंतवैद्यकीचा परवाना नव्हे. त्यासाठी ‘अप्रोबात्सिओन’, म्हणजे व्यवसायाची सरकारी मान्यता, लागते आणि श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ती श्टुटगार्टच्या रेगिरुंग्सप्रेझिडिउम या सरकारी कार्यालयाकडून मिळते. पदवी, अभ्यासक्रमाचे तास, इंटर्नशिप, डेंटल कौन्सिलचे गुड स्टँडिंग प्रमाणपत्र अशी सारी कागदपत्रे शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून घ्यावी लागतात. दंतवैद्यकाच्या भाषेची परीक्षा सी-1, म्हणजे बऱ्याच वरच्या, पातळीची असते, आणि शिक्षणात मोठी तफावत आढळली तर ज्ञानाची परीक्षाही द्यावी लागते, तीही प्रात्यक्षिकांसह. मधल्या काळासाठी देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवाना मिळू शकतो. दीड-दोन वर्षे सहज जातात, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची हे मात्र तुमच्या हातात आहे. सौ.नी रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवनात पुढच्याच बॅचला नाव घातले, तर त्या श्टुटगार्टला उतरतील तेव्हा निदान दुकानात आणि शाळेत अडणार नाहीत.

आणि क्लिनिक विकू नका. एखाद्या सहकारी दंतवैद्याला चालवायला द्या, कारण नव्या नोकरीत पहिले सहा महिने बहुतेक वेळा परिविक्षेचे असतात, आणि कोथरूडची जागा व जमलेले पेशंट पुन्हा मिळत नाहीत.

आता करार. सही होईपर्यंतच तुमच्या शब्दाला वजन आहे, हे तुमच्यासारख्या वाटाघाटी करणाऱ्या माणसाला मी काय सांगावे? तरी माझ्या भाच्याने याच देशात मोटार कोणती मिळणार यावर तीन बैठका घालवल्या आणि बायकोच्या भाषावर्गाचा विषय एकदाही काढला नाही, म्हणून सांगते. तिच्या भाषावर्गाची फी, अनुवादाचा आणि परवान्याचा खर्च, मुलीला शाळेनंतर सांभाळण्याची सोय आणि पद मुदतीआधी गेले तर संपूर्ण कुटुंबाच्या परतीचा खर्च, हे सारे लिहून घ्या. आणखी एक गोष्ट करारात नाही, पण घरात ठरवा : तिच्या वर्गाच्या संध्याकाळी घरी कोण असणार? आमच्याकडे फोल्क्सहोखशुलच्या, म्हणजे तिथल्या प्रौढ शिक्षण केंद्राच्या, वर्गाची मंगळवार-गुरुवारची संध्याकाळ यांच्या डायरीत लाल शाईने लिहिली गेली, तेव्हा कुठे माझे जर्मन पुढे सरकले.

जर्मनीत पगारातून दरमहा किती कर कापायचा हे करवर्गावरून ठरते, आणि जोडप्यांसाठी या वर्गांच्या जोड्या असतात. नवऱ्याला तिसरा आणि बायकोला पाचवा वर्ग घेतला की नवऱ्याच्या हातात जास्त पैसे पडतात, म्हणून सगळे तोच सुचवतात. सौ. कमावू लागल्या की दोघांनी चौथा घ्या. बेकारी भत्त्यासारखी रक्कम निव्वळ पगारावर ठरते, आणि पाचव्या वर्गात तोच लहान होतो. आरोग्य विमाही तुमच्या पगारात खासगी घेण्याचा मोह होईल, कारण सुरुवातीला तो स्वस्त दिसतो. सरकारी विम्यात मात्र, आजच्या नियमाप्रमाणे, न कमावता जोडीदार आणि मूल विनाहप्ता समाविष्ट होतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा.

बाकीचे थोडक्यात. मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि तिथे चौथीनंतर शाळेच्या वाटा फुटतात, तेव्हा जायचे तर लवकर जा; भाषा न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात. घरी मराठीच बोला, त्याला दुसरे औषध नाही. आईंसाठी : 1 मार्च 2024 नंतर पहिला परवाना मिळालेल्या ब्लू कार्डधारकांना आईवडिलांना कायमचे आणण्याची तरतूद आहे आणि पत्नीच्या आईवडिलांनाही ती लागू होऊ शकते, जो भाग तुमच्या पत्रात नाही. तिथे खरी अडचण विम्याची आहे. त्या वयात तो मिळणे कठीण आणि महाग, म्हणून आधी विम्याची चौकशी करा, मग आईंना आशा दाखवा. फ्लॅट भाड्याने द्या. बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे, करून घ्या, उरलेले सी.ए. सांगतील. स्वयंपाकाचे म्हणाल तर मिक्सर आणि कुकर जरूर न्या. साजूक तूप आणि पेढे मात्र नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत आणि विमानतळावर ते काढून घेतात. तिथले लोणी कढवले की उत्तम तूप होते.