नगरपरिषदेने घरपट्टी वाढवून हरकती मागवल्या आहेत. हरकत घेऊन उपयोग होतो का?

होतो, पण मुदतीत आणि लेखी घ्या. नगरपरिषदांच्या १९६५च्या कायद्यानुसार साधारण दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, म्हणजे घरपट्टी नव्याने ठरते, तेव्हा घरांच्या आकारणीची यादी आधी नागरिकांसाठी खुली ठेवावीच लागते.

‘वाढ परवडत नाही’ एवढ्यावर सुनावणीत फारसं काही हलत नाही. आपल्या घराची नोंद तपासा. क्षेत्रफळ बरोबर आहे का? पत्र्याच्या शेडला आरसीसी म्हणजे पक्क्या स्लॅबच्या बांधकामाचा दर तर लावला नाही ना? स्वतः राहता आणि नोंद भाडेकरूची, हेही सर्रास सापडतं. चूक दिसली की मोजमापासह अर्ज करा, आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा. शेजारच्या आजी-आजोबांची नोटीसही जरूर वाचून द्या, त्यांची मुदत नकळत निघून जाते.