ल्युपस आहे, आता डोकंपण जाणार का?

ल्युपस, शोग्रेन, आमवात (रुमॅटॉइड संधिवात) असे ऑटोइम्यून आजार, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते, असलेल्या बायका माझ्याकडे येतात (बायकाच जास्त, ल्युपसमधे तर दहातल्या साधारण नऊ) आणि सांधे, केस, स्टिरॉइडने सुजलेला चेहरा हे सगळं सांगून झालं की उठता उठता हळूच तोच प्रश्न, मॅडम मला अल्झायमर होतोय का हो?

त्यातली एक केस सांगते, तपशील बदललेत. वय अडतीस, सहकारी बँकेत काउंटरला, ल्युपस जुना. बोलताना साधा शब्द सापडत नाही, मोजलेल्या नोटांचा आकडा लिहीपर्यंत डोक्यातून जातो, दूध तर रोजच उतू. एमआरआय नॉर्मल आला तशी ती जास्तच घाबरली, कारण घरचे म्हणायला लागले रिपोर्ट चांगलाय, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

आधी तेच खोडून काढलं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 1999 मधे ल्युपसमुळे होणाऱ्या मेंदू आणि नसांच्या 19 त्रासांची यादी केली, त्यात हे विसरणं, शब्द न सापडणंही आहे आणि एमआरआय स्वच्छ असतानाही असू शकतं. पण अल्झायमर वाढतच जातो, हे बहुतेकांचं कमीजास्त होत राहतं. अल्झायमरमधे नवीन गोष्ट आत साठतच नाही, इथे बहुतेक वेळा साठलेली असते, वेळेवर हाताला लागत नाही, कुणी थोडी आठवण दिली की "हां हां" होतं. शिवाय आजार भडकणं, दुखणं, जागरण, स्टिरॉइड, रक्त कमी, थायरॉइड, बी-12, डिप्रेशन, यातलं काहीही भर घालू शकतं, म्हणून तिला परत तिच्या रुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाततज्ज्ञाकडे) पाठवलं. बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं झाली, थोडा फरक पडला. थोडाच.

मग एकदा विचारलं, "बँकेत निभावता कसं?"

तर पर्समधे चिठ्ठ्या, त्या वाचायच्या बाथरूममधे जाऊन. अलार्म व्हायब्रेटवर, नवऱ्याने विचारलं तर कंपनीचा मेसेज म्हणायचं, आणि कुणाला काय थाप मारली तेही लक्षात ठेवायचं. रात्री पडल्या पडल्या स्वतःची परीक्षा, आज आलेले कस्टमर ओळीने आठवायचे, एक राहिला की झोप गेली.

"एवढं सगळं सांभाळायला डोकं किती लागत असेल हो?"

"खूप," म्हणाली आणि गप्प झाली. मग, "म्हणजे मॅडम, जेवढं डोकं शिल्लक आहे ते मी लपवण्यातच घालवतेय?"

हे मीच आधी सांगून टाकलं असतं तर तिने नुसती मान डोलावली असती. इतक्या वर्षांत गप्प बसायला शिकले त्याचं इथे चीज झालं असं मला वाटतं.

"कळलं लोकांना तर काय होईल?"

"येडी म्हणतील."

"म्हणाले. मग?"

"मग... चालणार नाही मला."

हेच धरायचं होतं. मी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पठडीतली, म्हणजे माणसाने स्वतःवर घातलेल्या हट्टी अटी तपासायच्या. आजार तिच्या हातात नव्हता पण 'मी कधीच विसरता कामा नये' ही अट तिने स्वतः घातलेली होती. त्या अटीवर आम्ही पुढे बरंच भांडलो, गंमत म्हणजे तेव्हा तिला एकही शब्द अडला नाही.

आता डायरी काउंटरवर उघडी असते. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले कॅश सकाळीच टॅली करत जा, डोकं ताजं असतं. नवऱ्याला सांगणं जास्त जड गेलं. रात्रीची परीक्षा बंद. आजार भडकला की अजूनही शब्द अडतात, मग ती सरळ म्हणते, "थांबा जरा, येईल."

तुम्हीही लिहून ठेवा, उघड ठेवा, एका वेळी एकच काम घ्या. स्टिरॉइडने होतंय वाटलं तरी गोळी मनाने बंद करायची नाही, ती एकदम थांबवणं धोक्याचं असतं. घरच्यांनी "सांग बघू काल काय जेवलीस" असली परीक्षा घेऊ नये. आणि अचानक गोंधळणं, भास, फिट, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं किंवा तापासोबत जबरदस्त डोकेदुखी, यातलं काही झालं तर माझी अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.