भाडेकरूला भाडेवाढ कशी आणि किती आधी कळवावी?

तुमचा प्रश्न असा: जुळे सोलापुरात वन बीएचके फ्लॅट, तीन वर्षांपासून एकच कुटुंब राहतंय, भाडं 8,000 रुपये. अकरा महिन्यांचा पहिला करार संपला, त्यानंतर नवा केलाच नाही. आता 9,500 करायचेत, तर तोंडी सांगावं की नोटीस द्यावी, आणि किती दिवस आधी?

आधी घरी जाऊन बोला आणि त्याच आठवड्यात कागद द्या. नुसतं तोंडी सांगितलं तर पुढे कोण काय बोललं यावरून वाद होतो. नुसतीच नोटीस पाठवली तर समोरच्याला वाटतं, आपल्याला घराबाहेर काढायला निघालेत.

हे मी चूक करून शिकले. साखर पेठेतल्या आमच्या घरावर दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या. तिथल्या कुटुंबातला नवरा टॉवेलच्या कारखान्यात, त्यांच्या दोन मुली शाळेत, मला त्या घरातले सगळे अक्का म्हणायचे. चार वर्षांत भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढे गेलं नव्हतं. जून महिन्यात ते भाडं द्यायला खाली आले आणि मी जिन्यातच सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यापासून हजार रुपये वाढवा." त्याच आठवड्यात मुलींची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, सगळं आलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. ऑगस्टमध्ये खोल्या सोडल्या. भाडं 4,500 होतं आणि खोल्या तीन महिने रिकाम्या राहिल्या, म्हणजे 13,500 गेले. हजारानं वाढवून वर्षाला 12,000 मिळणार होते. पण मला खरा सल पैशाचा नाही. शाळा सुरू झाल्यावर त्या मुलींना घर बदलावं लागलं, ते माझ्यामुळे. रक्कम कदाचित त्यांना परवडलीही असती, पण मी वेळ चुकीची निवडली आणि त्यांना विचार करायला दिवसच दिले नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते, वाढ 1 जूनपासून हवी असेल तर मार्चच्या शेवटी बोला, फार तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. त्यांना परवडलं नाही तर शाळा उघडायच्या आत दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येईल. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, त्या उन्हात ऐनवेळी घर शोधायला कुणाला लावू नये.

आता रक्कम. 1,500 ची वाढ म्हणजे जवळजवळ एकोणीस टक्के. अकरा महिन्यांचे 16,500 होतात. फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला तर जुन्या भाड्यानंच 16,000 बुडाले, वर रंगकाम आणि एजंटची एक महिन्याची दलाली. तीन वर्षं वाढ केली नाही हे खरं, पण तीन वर्षांची वसुली एका महिन्यात करू नका. आसपास साधारण पाच ते दहा टक्क्यांची वाढ लोक न कुरकुरता मान्य करतात. तुमच्या जागी मी 8,800 सांगितले असते आणि पुढच्या करारात किती वाढणार तेही आत्ताच लिहून टाकलं असतं. बोलायच्या आधी त्याच भागातल्या तीन-चार फ्लॅटचं भाडं मात्र विचारून घ्या. नळाला पाणी किती दिवसांआड येतं आणि बोअर आहे का, यावर आपल्या शहरात भाडं बरंच ठरतं.

कायद्याचं थोडं लक्षपूर्वक वाचा, कारण तुमची बाजू इथे कच्ची आहे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा, करार चालू असताना, त्यात वाढीचं कलम नसेल तर मधेच भाडं वाढवता येत नाही. मुदत संपल्यावर नव्या करारात दोघांना मान्य होईल ती रक्कम लिहिता येते. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तो नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, त्या खोट्या आहेत हे आपण सिद्ध करायचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून भाडेवाढ आणि नवा करार एकत्रच करा.

खर्च फार नाही. 8,800 भाडं आणि समजा 30,000 डिपॉझिट धरलं, तर मुद्रांक शुल्क अडीचशेच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, आणि ऑनलाइन करून देणाऱ्याची फी वेगळी. हा खर्च निम्मा-निम्मा करा, किंवा या वर्षी तुम्हीच भरा. भाडं वाढवताना तेवढं केलेलं माणसाच्या लक्षात राहतं.

(जुन्या पेठांतल्या वाड्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंची गोष्ट निराळी. तिथे वर्षाला चार टक्के वाढीचा नियम लागतो. तुमच्या फ्लॅटशी त्याचा संबंध नाही.)

पत्र वकिली भाषेत नको. मी असं लिहिते:

"सप्रेम नमस्कार. आपण तीन वर्षांपासून आमच्या फ्लॅटमध्ये राहत आहात आणि भाडे नेहमी वेळेवर दिले आहे, याबद्दल आभार. आपला करार संपला असल्याने 1 जूनपासून अकरा महिन्यांचा नवा करार करू या. त्या तारखेपासून मासिक भाडे 8,000 ऐवजी 8,800 रुपये राहील. डिपॉझिट आहे तेवढेच राहील. आपला निर्णय 30 एप्रिलपर्यंत कळवावा. काही अडचण असल्यास समक्ष बोलू."

दोन प्रती काढा, एकीवर त्यांची सही आणि तारीख घेऊन आपल्याकडे ठेवा. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरही पाठवा. सहीला नाही म्हणाले तर पोचपावतीसह पोस्टानं पाठवा, रागावू नका.

बोलायला जाल तेव्हा भाडं घ्यायच्या दिवशी जाऊ नका. रविवारी सकाळी जा, बसा, त्यांची काही दुरुस्ती राहिलीय का ते आधी विचारा. गळका नळ, बाथरूमचं दार, जे असेल ते वाढ लागू व्हायच्या आत करून द्या. 800 जमत नाहीत म्हणाले तर 600 वर या, किंवा वाढ दोन टप्प्यांत करा.

आणि त्यांनी सरळ नाही म्हटलं तरी पाणी किंवा लाइट तोडायचा विचार मनातही आणू नका. त्याच अधिनियमाच्या कलम 29 प्रमाणे तो गुन्हा आहे. त्यांनी नाहीच म्हटलं तर कोर्टाच्या आवारातल्या एखाद्या चांगल्या वकिलाला तुमचा जुना करार दाखवा आणि मगच पुढचं पत्र लिहा.