दाटी आधी, नक्षी नंतर : मशीन क्विल्टिंगविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बारा इंची ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन) जोडून ४८ × ६० इंचांचा भाग आणि भोवती ३ इंची किनार अशी गोधडी जोडून झाली आहे. ब्लॉकांत त्रिकोण आणि चौकोन आहेत. निम्मं कापड बारीक फुलांचं, निम्मं पांढरं. आता तिन्ही थर एकत्र शिवायचे (क्विल्टिंग), तर वरून कोणती नक्षी शिवावी हेच ठरत नाही. पिसांची नक्षी आवडते, पण साध्या शिलाई मशीनवर जमेल का?

नक्षी जरा बाजूला ठेवा. आधी मधल्या थराचं, म्हणजे बॅटिंगचं पाकीट वाचा. दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते त्यावर छापलेलं असतं. ते ४ इंच असेल, तर गोधडीवर कुठेही चार इंचांहून रुंद जागा टिपेविना राहता कामा नये. राहिली तर धुण्यात तिथली बॅटिंग सरकते, गोळा होते. ही झाली कमाल मर्यादा. अंगावर घ्यायच्या गोधडीला दीड ते दोन इंचांचं अंतर बरं. पाव-अर्ध्या इंचावर टिपा मारल्या तर ती पुठ्ठ्यासारखी ताठ होते. भिंतीवर टांगायची असेल तर तोच ताठपणा उपयोगी पडतो.

आता कापडाकडे बघा. बारीक फुलांच्या छापावर कितीही नाजूक काम केलं तरी ते दिसत नाही. तिथे पिसं काढणं म्हणजे निव्वळ श्रम वाया घालवणं. दिसणार ते पांढऱ्यावर. म्हणून मेहनतीची नक्षी पांढऱ्या भागात ठेवा आणि फुलांवर साधी नागमोडी रेघ फिरवा. इथे बहुतेकांची एक चूक होते : पांढऱ्यावर अर्ध्या इंचाचं दाट काम आणि फुलांवर तीन इंचांचं मोकळं. टिपा दाट असतात तिथे कापड आक्रसतं आणि शेजारचा मोकळा भाग फुगून उभा राहतो. नक्षी हवी तेवढी बदला, पण दाटी सगळीकडे जवळपास सारखी ठेवा; फार तर दुपटीचा फरक.

त्रिकोण-चौकोनांची जोडणी मुळात कोनांनी भरलेली असते. त्यावर सरळ रेघा मारल्या की कोन आणखी ठळक होतात. वळणं घेतली की ते मवाळ होतात. तुमच्या गोधडीला वळणं शोभतील असं आमचं मत, पण पूर्ण पिसं नकोत. साध्या मशीनच्या मानेखाली गुंडाळलेली गोधडी मावायला जागा थोडी असते, आणि पिसाची लांब पाठ, म्हणजे मधली दांडी, एका दमात ओढताना हात मध्येच अडतो. त्याऐवजी पांढऱ्या त्रिकोणात एकेक पान, आत दोन-तीन शिरा. कोपऱ्यातून शिरायचं, पान पुरं करून पुढच्या कोपऱ्यातून पुढच्या त्रिकोणात जायचं. दोरा तोडावा लागत नाही. फक्त चार जोड जिथे एकत्र येतात तिथे नक्षीचं टोक आणू नका. तिथे थर साठलेले असतात, मशीनचं फूट (कापड दाबणारा पाय) अडकतं आणि एका जागी टाक्यांचा गठ्ठा होतो. टोक त्या गाठीपासून पाव इंच अलीकडेच वळवा.

शिवण्याआधी पारदर्शक प्लास्टिकचा जाड कागद ब्लॉकवर पसरा आणि पुसता येणाऱ्या पेनाने त्यावर नक्षी काढून बघा. कागदाच्या कडांना रंगीत चिकटपट्टी लावा, नाहीतर पेन कधी कापडावर उतरेल ते कळणार नाही. तीच नक्षी वहीत पेन न उचलता दहा वेळा काढा. वहीत जिथे अडाल, मशीनवरही तिथेच अडाल.

प्रश्न : याच गोधडीच्या किनारीला वेल घालायची आहे. कोपऱ्यात ती नेहमी अर्धवट तुटते.

कोपऱ्याचे ३ × ३ इंचांचे चौकोन वेगळे धरा. उरल्या ४८ आणि ६० इंचांच्या बाजू. दोन्हींना भाग जाईल अशी एका वळणाची लांबी घ्या : ६ इंच घेतली तर एका बाजूला ८ आणि दुसरीला १० वळणं बसतात. मोजमाप कागदावरचं नको, जोडून झालेल्या गोधडीचं घ्या. थोडा फरक पडला तर तो सगळ्या वळणांत वाटून टाका. वेल बाहेरच्या कडेपासून निदान अर्धा इंच आत ठेवा, कारण कडेचा पाव इंच शेवटी कडेला शिवायच्या पट्टीखाली जातो.

प्रश्न : जोडाच्या खाचेत टीप मारताना सुई सारखी वर चढते.

तुम्ही बहुधा उंच बाजूला शिवता आहात. शिलाईची माया (जोडाच्या टिपेबाहेर उरलेलं कापड) ज्या बाजूला इस्त्रीने वळवली असेल ती बाजू किंचित उंच होते. टीप दुसऱ्या, सखल बाजूला घ्यायची. पुढच्या जोडात माया उलट वळवलेली असली की बाजूही बदलते, म्हणून जोड ओलांडताना थांबून बघा. माया दोन्हीकडे उघडून दाबली असेल तर खाचेत शिवूच नका : तिथे कापडाखाली आधार नसतो आणि सुई जोडाच्या दोऱ्यालाच टोचते. अशा वेळी जोडापासून पाव इंचावर समांतर टीप घ्या. दोन्हींसाठी वॉकिंग फूट लावा. ते वरचा थर खालच्याबरोबर पुढे नेतं, त्यामुळे चुण्या कमी पडतात.

प्रश्न : मशीनचे कापड पुढे सरकवणारे दात खाली करून मोकळ्या हाताने शिवते तेव्हा अस्तराकडून वळणांवर दोऱ्याचे फासे दिसतात. सरळ भागात सगळं ठीक असतं.

सरळ भागात ठीक असेल तर ताणाचा स्क्रू फिरवत बसू नका. वळणावर हात नकळत जोरात फिरतो, सुई मागे पडते आणि वरचा दोरा खाली ओढला जातो. पेडल एकसारखं ठेवा, वळणावर हात सावकाश न्या. इंचाला आठ ते दहा टाके पडले की वेग जमला. गोधडी टेबलाबाहेर लोंबत असेल तर तिचं वजनही हात खेचतं. डावीकडे आणि मागे आधार द्या.

सरळ भागातही गुंता होऊ लागला तर आधी फुटाचा दांडा खाली आहे का ते बघा. मोकळ्या शिवणकामाचं फूट कापडाला जेमतेम टेकतं, त्यामुळे दांडा पाडायचा राहून जातो आणि दोऱ्याला ताणच मिळत नाही. दोरा ओवताना मात्र दांडा वर हवा, नाहीतर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही. सुई १४ नंबरची, नवी घ्या.

प्रश्न : खुणा कशाने कराव्यात?

सरळ रेघांसाठी कमी चिकट पट्टी, वळणांसाठी पाण्याने जाणारं पेन. पाण्याच्या पेनाची खूण धुण्याआधी इस्त्रीखाली गेली तर पक्की बसू शकते. इस्त्रीने उडणाऱ्या पेनाची खूण थंडीत परत दिसू शकते, तेव्हा पांढऱ्या कापडावर ते नकोच. कोणतंही पेन असो, आधी त्याच कापडाच्या कतरणीवर ओढून, धुऊन बघा.