एमजीबीला ऑटोमॅटिक? आधी टनेल मोज

दादर टीटीच्या सिग्नलला क्लच दाबून दाबून डावा पाय भरून येतो, मान्य, म्हणून तुला एमजीबीला, त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचाय. तरी गिअरबॉक्स घेण्याआधी गाडीखाली शीर आणि टनेल, म्हणजे गिअरबॉक्स ज्यात बसतो तो फ्लोअरमधला उंचवटा, मोज. १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क टू मॉडेलपासून तो रुंद केलाय. त्याआधीची गाडी असेल तर पत्रा कापावा लागेल, आणि ते पाप मी तरी करणार नाही.

कंपनीनेच दिलेला बॉक्स म्हणजे बोर्ग-वॉर्नर ३५. तीन गिअर, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर) नाही, म्हणजे पुणे एक्सप्रेसवेवर इंजिन ओरडत राहणार. जनरल मोटर्सच्या ७००आर४ या ऑटोमॅटिक बॉक्सचा चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे ओव्हरड्राइव्हच, पण एमजीबीच्या १.८ लिटर इंजिनाला तो बॉक्स अवजड. कॉर्वेटसारखी मोठ्या इंजिनाची अमेरिकन गाडी असती तर बिनधास्त घाल म्हटलं असतं.

खरी मेख थ्रॉटलच्या केबलमध्ये आहे. दोन्ही बॉक्सांत तीच ऑइलचा दाब सांभाळते. ढिली राहिली की बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा घसरून जळतात. माझा एक बॉक्स असाच गेला. मेकॅनिक म्हणत होता, "चालतंय की!" तू प्रेशर गेज लावूनच सेट करून घे.

बॉक्सला वेगळा ऑइल कूलर हवाच, मे महिन्यात सायनला अडकलास की कळेल. आणि हो, मॅन्युअल बॉक्स भंगारात देऊ नकोस, माळ्यावर टाक.